इस्ट्रोजेन, हृदय आणि अर्धशतकाचा वाद

१९५२ साली शिकागोच्या मायकेल रीझ रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत कोंबड्यांची हृदये तपासली जात होती. रूथ पिक, जेरेमाया स्टॅमलर, सायमन रॉडबार्ड आणि लुई कॅट्झ या चौघांनी तरण्या कोंबड्यांना कोलेस्टेरॉल मिसळलेले खाद्य घातले होते. असे खाद्य खाल्ल्यावर कोंबड्याच्या रक्तवाहिन्यांत चरबीचे थर साचतात, हे त्यांना ठाऊक होतेच. नवीन भाग असा की त्यांतल्या काही कोंबड्यांना त्यांनी इस्ट्रोजेन हे स्त्री-संप्रेरक दिले होते. विच्छेदन झाले तेव्हा इस्ट्रोजेन मिळालेल्या कोंबड्यांच्या महाधमनीत चरबी साचलेली दिसली, पण खुद्द हृदयाला रक्त पुरवणाऱ्या वाहिन्या जवळजवळ स्वच्छ होत्या. प्राणी तोच, खाद्य तेच, रक्तही तेच. तरी संरक्षण मिळाले होते ते नेमके हृदयाच्या वाहिन्यांना.

हा प्रयोग कोणाला सुचावा याचे कारण त्या काळच्या प्रत्येक डॉक्टरच्या डोळ्यांसमोर होते. पंचेचाळिशीतला धडधाकट पुरुष हृदयविकाराच्या झटक्याने जायचा, पण त्याच वयाच्या बाईला झटका आल्याचे क्वचितच ऐकू यायचे. पाळी थांबल्यावर मात्र हा फरक हळूहळू मिटत जायचा. पाळीबरोबर शरीरातून ओसरते ते इस्ट्रोजेन. तेव्हा हृदयाचा राखणदार हाच, असा तर्क कोणीही केला असता. पुढची पन्नास वर्षे वैद्यकशास्त्राने हा तर्क धरला, सोडला आणि पुन्हा धरला. त्यातून काय खरे ठरले आणि काय खोटे, हे मराठी वाचकाने नीट समजून घ्यायला हवे, कारण या इतिहासाचे शेवटचे प्रकरण बीडच्या ऊसतोड कामगार बायकांपर्यंत आणि बालाघाटच्या धानाच्या बांध्यांपर्यंत येऊन पोचते.

चार टन अंडाशये, बारा मिलिग्रॅम

इस्ट्रोजेन हाती लागले ते कत्तलखान्याच्या वाटेने. १९२३ साली अमेरिकेतल्या सेंट लुईस येथे एडगर ॲलन आणि एडवर्ड डॉइझी यांनी डुकरिणींच्या अंडाशयांतला द्रव गोळा केला आणि अंडाशये काढलेल्या उंदरांना टोचला. उंदरांमध्ये माजाची लक्षणे परतली. अंडाशयात काहीतरी रसायन आहे आणि ते रक्तातून काम करते, याचा हा ठोस पुरावा होता. १९२९ मध्ये डॉइझी आणि जर्मनीतले अडॉल्फ ब्यूटेनांट यांनी स्वतंत्रपणे एस्ट्रोन वेगळे केले. त्याचे सर्वांत जोरकस रूप म्हणजे एस्ट्राडिऑल. ते १९३५ साली डॉइझींच्या गटाला मिळाले, आणि तेही सुमारे चार टन अंडाशयांतून अवघे बारा मिलिग्रॅम. इतक्या अल्प मात्रेत इतका मोठा परिणाम करणारा पदार्थ हृदयापर्यंत पोचत असेल, ही कल्पना मग अशक्य वाटेनाशी झाली.

माणसांत पुरावा शोधायला वेळ लागला. एडिनबरोचे ओलिव्हर आणि बॉइड यांनी १९५९ साली तरुणपणीच दोन्ही अंडाशये काढलेल्या बायकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. नैसर्गिक ढाल अवेळी काढून घेतली तर हृदयाचे काय होते, हा प्रश्न त्यांनी फार लवकर विचारला होता. तिकडे मॅसॅच्युसेट्समधल्या फ्रॅमिंगहॅम गावात १९४८ पासून ५,२०९ स्त्री-पुरुषांची नियमित तपासणी चालू होती. त्यातल्या २,८७३ स्त्रियांची चोवीस वर्षांची नोंद १९७८ साली पुढे आली. पाळी चालू असलेल्या एकाही बाईला झटका आला नव्हता किंवा एकीचाही हृदयरोहिणीच्या विकाराने मृत्यू झाला नव्हता.

आता नवल पाहा. हृदय वाचवण्यासाठी इस्ट्रोजेन देऊन पाहण्याची पहिली मोठी चाचणी झाली ती पुरुषांवर. १९६०च्या दशकात सुरू झालेल्या ‘कोरोनरी ड्रग प्रोजेक्ट’मध्ये झटका येऊन गेलेले ८,३४१ पुरुष होते. त्यांतल्या काही गटांना इस्ट्रोजेन दिले गेले. रोज पाच मिलिग्रॅम घेणाऱ्यांत नवे झटके आणि रक्ताच्या गुठळ्या वाढल्या, म्हणून तो गट १९७० साली बंद करावा लागला. अडीच मिलिग्रॅमचा गट १९७३ साली बंद झाला. ज्या संप्रेरकाची आशा स्त्रियांच्या हृदयावरून निर्माण झाली, त्याची परीक्षा स्त्रियांना बाजूला ठेवून घेतली गेली. पुढे १९७७ साली अमेरिकी औषध प्रशासनाने गर्भधारणा होऊ शकणाऱ्या स्त्रियांना औषधांच्या सुरुवातीच्या चाचण्यांतून वगळण्याचे धोरण आखले, आणि स्त्रीचे हृदय संशोधनाच्या नजरेआडच राहिले.

रक्त परत येते तेव्हा

मायकेल रीझ रुग्णालय ज्या शहरात होते, त्याच शहरात १९६० साली दुसरा एक शोध लागला. नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाचे रॉबर्ट जेनिंग्ज आणि त्यांचे सहकारी कुत्र्याच्या हृदयाची एक वाहिनी बांधून ठेवत आणि ठरावीक वेळाने सोडत. वाहिनी सुटली की हृदय सावरेल, ही साधी अपेक्षा. प्रत्यक्षात रक्त परतल्यावर काही पेशी झपाट्याने फुगून फाटत होत्या. वाहिनी बांधलेलीच ठेवली असती तर जी मोडतोड दिसायला जवळजवळ एक दिवस लागला असता, ती रक्त परतल्यावर थोड्याच वेळात दिसत होती.

रक्त थांबल्याने इजा होते, हे जुने ज्ञान. रक्त परतल्यानेही इजा होते, हे नवे ज्ञान. उन्हाने तडकलेल्या बांधीत पाटाचे पाणी एकदम सोडले की पाळ फुटते, तसे हे आहे. प्राणवायूविना असलेल्या पेशीत आम्ल साचलेले असते आणि कॅल्शियमचा तोल गेलेला असतो. अशा पेशीत प्राणवायूचा लोंढा आला की मायटोकॉन्ड्रिया, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणारे भाग, घातक मुक्तकण तयार करू लागतात. पहिल्या काही मिनिटांतच त्यांच्या भिंतीतले एक छिद्र उघडते. ते छिद्र उघडले की पेशी वाचत नाही.

१९७७ साली ड्यूक विद्यापीठात कीथ रायमर आणि जेनिंग्ज यांनी आणखी एक गोष्ट मोजून दाखवली. वाहिनी चाळीस मिनिटे बंद राहिली तर धोक्यात असलेल्या स्नायूपैकी सुमारे ३८ टक्के मरतो, तीन तासांत ५७ टक्के, सहा तासांत ७१ टक्के, चोवीस तासांत ८५ टक्के. हृदयाच्या आतल्या थरातून मरण बाहेरच्या थराकडे सरकत जाते. म्हणजे वेळेचा हिशेब मिनिटांत करायला हवा. १९८६ साली इटलीतल्या ११,८०६ रुग्णांच्या चाचणीने तेच माणसांत सिद्ध केले: गुठळी विरघळवणारे स्ट्रेप्टोकायनेज पहिल्या तासात मिळाले तर मृत्यू जवळजवळ निम्म्याने घटत. वाहिनी लवकर उघडायलाच हवी. पण उघडताना होणारी इजा कशी टाळायची, हा प्रश्न तिथून प्रत्येक हृदयरोगतज्ज्ञासमोर उभा राहिला. युजीन ब्राउनवाल्ड आणि रॉबर्ट क्लोनर यांनी १९८५ साली लिहिलेल्या लेखात रक्त परतण्याच्या या दुहेरी परिणामाकडे सगळ्या क्षेत्राचे लक्ष वेधले.

तिसरा धागाही शिकागोचाच. १९५०च्या दशकाअखेर शिकागो विद्यापीठात एल्वुड जेन्सन यांनी किरणोत्सारी खूण असलेले एस्ट्राडिऑल वापरून दाखवले की हे संप्रेरक पेशीतल्या एका खास प्रथिनाला जाऊन चिकटते. त्या प्रथिनाला ग्राहक म्हणतात. १९९६ साली स्वीडनमध्ये दुसरा ग्राहक सापडला, तोही नर उंदराच्या प्रोस्टेट ग्रंथीत. पेशीच्या पटलांवर काम करणारा तिसरा ग्राहक २००५ साली ओळखला गेला. इस्ट्रोजेनचे काम गर्भाशयापुरते नाही, आणि स्त्रीपुरतेही नाही, हे यातून स्पष्ट झाले. १९९७ साली तर एका तरुण पुरुषाची नोंद झाली, ज्याच्या जनुकीय दोषामुळे इस्ट्रोजेनचा ग्राहकच निकामी होता. त्याच्या हृदयाच्या वाहिन्या एकतिसाव्या वर्षीच खराब होऊ लागल्या होत्या.

तीन धागे एकत्र आले ते १९९०च्या दशकात. क्लोनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ साली सशांच्या हृदयाचा रक्तप्रवाह काही काळ थांबवून पुन्हा सुरू केला. त्याआधी काही सशांना बीटा-एस्ट्राडिऑल दिले होते, काहींना अल्फा-एस्ट्राडिऑल. दोन्ही रेणू जवळजवळ सारखेच. फरक फक्त एका गटाच्या दिशेचा. बीटा रूप मिळालेल्या सशांत मेलेल्या स्नायूचे क्षेत्र कमी होते, अल्फा मिळालेल्यांत तसे झाले नाही. नंतरच्या प्रयोगांनी यंत्रणेचे तुकडे जोडले. इस्ट्रोजेन ग्राहकाला चिकटले की पेशीत संदेशांची एक साखळी सुरू होते, नायट्रिक ऑक्साइड तयार होते, मुक्तकणांना आवर बसतो, कॅल्शियमचा अतिरेक कमी होतो आणि मायटोकॉन्ड्रियातले ते घातक छिद्र सहजी उघडत नाही. तिसऱ्या ग्राहकाला चालना देणारे औषध २००९ साली नर आणि मादी, दोन्ही उंदरांच्या हृदयांवर परिणामकारक ठरले. माद्यांना निसर्गतः मिळणारे संरक्षण अंडाशये काढलेल्या उंदरणींत बहुतेक प्रयोगांत नाहीसे होत असे.

प्रयोगशाळेतली बाजू इतकी भक्कम होती. माणसांतली बाजू मात्र वेगळीच निघाली.

गोळीचा उत्कर्ष आणि पडझड

गाभण घोडीच्या मूत्रातून मिळवलेले इस्ट्रोजेन ‘प्रेमारिन’ या नावाने १९४२ पासून अमेरिकेत मिळत होते. आधी ते पाळी थांबल्यावरच्या गरम वाफांसाठी दिले जाई. १९६६ साली न्यूयॉर्कचे स्त्रीरोगतज्ज्ञ रॉबर्ट विल्सन यांच्या पुस्तकाने रजोनिवृत्तीला रोग ठरवले आणि गोळीला तारुण्याचे औषध. मग हृदयाचा मुद्दा आला. १९८५ च्या ऑक्टोबरमध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’च्या एकाच अंकात दोन अभ्यास छापले गेले. अमेरिकी परिचारिकांच्या मोठ्या पाहणीत गोळी घेणाऱ्यांचे हृदय सुरक्षित दिसत होते. फ्रॅमिंगहॅमच्या नोंदींत उलट धोका वाढलेला दिसत होता. वैद्यकीय जगाने पहिल्याच निष्कर्षावर विश्वास ठेवला.

१९९१ साली बर्नाडिन हीली या हृदयरोगतज्ज्ञ अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थांच्या पहिल्या महिला संचालक झाल्या. झटका आलेल्या बाईला पुरुषासारखे उपचार मिळत नाहीत, हे त्यांनी त्याच वर्षी उघडपणे लिहिले. त्यांच्या पुढाकाराने ‘विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह’ हा प्रचंड उपक्रम सुरू झाला आणि त्यात १,६१,८०८ स्त्रियांचा सहभाग होता. १९९३ साली या संस्थांच्या निधीवर चालणाऱ्या चाचण्यांत स्त्रियांना घेणे कायद्यानेच बंधनकारक झाले.

पहिला धक्का १९९८ साली ‘हर्स’ चाचणीने दिला. आधीच हृदयविकार असलेल्या २,७६३ स्त्रियांना चार वर्षे गोळी किंवा निष्क्रिय गोळी देऊनही झटक्यांत एकंदर काही फरक पडला नाही; उलट पहिल्या वर्षी गोळीवाल्यांत झटके जास्त होते. मग जुलै २००२ आला. ‘विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह’मधली, इस्ट्रोजेन व प्रोजेस्टिन एकत्र देऊन पाहणारी १६,६०८ स्त्रियांची चाचणी सरासरी ५.२ वर्षांनी मुदतीआधी थांबवली गेली. वर्षाला दर दहा हजार स्त्रियांमागे हृदयविकाराच्या सात, पक्षाघाताच्या आठ, फुप्फुसातल्या गुठळ्यांच्या आठ आणि स्तनाच्या कर्करोगाच्या आठ घटना जास्त होत्या. मोठ्या आतड्याचा कर्करोग सहाने आणि खुब्याचे अस्थिभंग पाचने कमी होते. गर्भाशय काढलेल्या १०,७३९ स्त्रियांना नुसते इस्ट्रोजेन देणारी चाचणीही २००४ साली थांबली. तिथे हृदयाला फायदा नव्हता आणि पक्षाघात वाढला होता.

मग प्रयोगशाळा खोटी होती का? नव्हती. फरक प्रश्नात होता. सशाच्या निरोगी वाहिनीत, रक्त थांबवण्याआधी, थेट दिलेले एस्ट्राडिऑल ही एक गोष्ट. साठीच्या बाईच्या, आधीच चरबी साचलेल्या वाहिन्यांत वर्षानुवर्षे तोंडावाटे जाणारी गोळी ही दुसरी गोष्ट. तोंडावाटे घेतलेले इस्ट्रोजेन यकृतातून जाताना गुठळ्या बनवणारे घटक वाढवते. परिचारिकांच्या पाहणीतला घोळही हळूहळू उलगडला: गोळी घेणाऱ्या बायका मुळातच सुखवस्तू, व्यायाम करणाऱ्या, डॉक्टरकडे नियमित जाणाऱ्या होत्या. उपक्रमातल्या स्त्रियांचे सरासरी वय ६३ होते, आणि अनेकींची पाळी थांबून दशके लोटली होती. २०१६ साली कॅलिफोर्नियातल्या ६४३ स्त्रियांच्या चाचणीत हाच मुद्दा तपासला गेला. पाळी थांबून सहा वर्षे न झालेल्यांत एस्ट्राडिऑलने मानेच्या धमनीची भिंत जाड होण्याचा वेग मंदावला. दहा वर्षे उलटलेल्यांत काहीच फायदा झाला नाही. म्हणजे संप्रेरक तेच. वय आणि वाहिनीची अवस्था बदलली की त्याचे फळ बदलते.

बीड आणि बालाघाट

या इतिहासाचा सर्वांत कठोर धडा महाराष्ट्रातून आला. २०१९ साली ऊसतोड कामगार बायकांची गर्भाशये मोठ्या प्रमाणात काढली जात असल्याच्या बातम्या बीडमधून आल्या. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. पाहणी केलेल्या ८२,३०९ बायकांपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली आढळली. पाळीच्या दिवसांत कोयता खाली ठेवला तर मजुरी बुडते, मुकादम खाडा धरतो, आणि पोटदुखीसाठी दवाखान्यात गेले की पिशवी काढण्याचा सल्ला मिळतो, अशी ती साखळी होती. तिशी-पस्तिशीतल्या बायकाही त्यात होत्या.

पिशवीबरोबर अंडाशये काढली गेली तर त्यांतून मिळणारे इस्ट्रोजेन त्याच दिवशी बंद होते. अंडाशये ठेवली तरी ती वेळेआधी थकण्याची शक्यता वाढते. अमेरिकेतल्या मिनेसोटामध्ये दीर्घकाळ केलेल्या पाठपुराव्यात पंचेचाळिशीच्या आत दोन्ही अंडाशये काढलेल्या बायकांत हृदय व रक्तवाहिन्यांच्या विकारांनी होणारे मृत्यू वाढलेले दिसले, आणि हा धोका विशेषतः त्यांच्यात होता, ज्यांना नंतर इस्ट्रोजेन दिले गेले नव्हते. ओलिव्हर आणि बॉइड यांनी १९५९ साली एडिनबरोत विचारलेला प्रश्न साठ वर्षांनी बीडच्या कोप्यांत उभा राहिला. फरक एवढाच, की इथे विचारायला कोणी नव्हते.

बालाघाट हा जुन्या मध्य प्रांताच्या नागपूर विभागातला जिल्हा. १९५६च्या राज्य पुनर्रचनेत नागपूर-भंडारा मुंबई राज्यात गेले आणि बालाघाट मध्य प्रदेशात राहिला, पण मराठीचे, नातेसंबंधांचे आणि दवाखान्याच्या फेऱ्यांचे धागे सीमेपलीकडेच जुळलेले राहिले. २०११च्या जनगणनेत इथे दर हजार पुरुषांमागे १,०२१ स्त्रिया होत्या. मध्य प्रदेशातले हे सर्वांत जास्त प्रमाण. राज्याची सरासरी होती ९३१. वैनगंगेच्या खोऱ्यात धानाची रोवणी आजही बायकांच्या वाकलेल्या पाठीवर चालते. उन्हाळ्यात तेंदूपत्ता त्याच तोडतात आणि घरी चूलही त्याच फुंकतात. ज्या जिल्ह्यात बायकाच जास्त, तिथे स्त्रीच्या हृदयाचे ज्ञान हा आडबाजूचा विषय असू शकत नाही.

झटका आलेल्या बाईचे दुखणे अनेकदा छातीच्या मधोमध, डाव्या हाताकडे जाणारे, असे नसते. तिचा जबडा दुखतो, पाठीत चमक भरते, मळमळ होते, थोडे चालले तरी दम लागतो. घरात म्हणतात, गॅस झाला असेल, ओवा खा. पाळी थांबली, बच्चेदानी काढली, आता अशक्तपणा येणारच, असेही म्हणतात. हृदयाची शंका शेवटी येते. तोवर रायमर आणि जेनिंग्ज यांनी मोजलेल्या त्या लाटेने आतला थर ओलांडलेला असतो. नागपूर इथून पावणेदोनशे किलोमीटरच्या आसपास आहे. वाहिनीत फुगा घालून ती उघडण्यासाठी तिथे पोचेपर्यंत पहिला तास हातचा गेलेला असतो. म्हणून जवळच्या रुग्णालयातच ईसीजी काढणे, निदान पक्के होताच गुठळी विरघळवणारे इंजेक्शन देणे आणि मग पुढे पाठवणे, हाच आडगावच्या माणसाला वाचवणारा क्रम आहे. तो बाईसाठीही तितक्याच तातडीने पाळला गेला पाहिजे.

आजही झटक्याच्या वेळी इस्ट्रोजेन टोचण्याची पद्धत कुठल्याही रुग्णालयात नाही, आणि केवळ हृदय वाचवण्यासाठी संप्रेरकाची गोळी घेऊ नये, असेच वैद्यकीय मार्गदर्शन सांगते. प्रयोगशाळेत मिळालेले ज्ञान मात्र वाया गेलेले नाही. मायटोकॉन्ड्रियाचे ते छिद्र बंद ठेवणारे, गर्भाशयावर किंवा स्तनावर परिणाम न करणारे औषध शोधणे हे आज चालू असलेले काम आहे. त्या औषधाची वाट पाहत बसण्याची गरज मात्र नाही. अर्धशतकाच्या वादाने तीन गोष्टी पक्क्या केल्या आहेत. स्त्रीच्या शरीरावरचा निष्कर्ष स्त्रियांना विचारूनच काढावा. निरोगी अंडाशय हा हृदयाचाही अवयव समजून, सबळ कारणाशिवाय काढू नये. पिशवी काढण्याचा सल्ला मिळालेल्या प्रत्येक बाईने दुसऱ्या डॉक्टरचे मत घ्यावे आणि अंडाशयांचे काय करणार हे आधी विचारावे. आणि दम, मळमळ किंवा जबड्याच्या दुखण्याने दवाखान्यात आलेल्या पंचेचाळिशीच्या पुढच्या बाईचा ईसीजी पहिल्या दहा मिनिटांत निघावा. या तिन्ही गोष्टींना नवा शोध लागत नाही. लागते ती बाईचे दुखणे खरे मानण्याची तयारी.